तिसऱ्या पाळीच्या बायका

युनियन कार्बाइडच्या भोपाळ कारखान्यात तिसरी पाळी रात्री पावणेअकराला लागायची. २ डिसेंबर १९८४ च्या रविवारीही ती वेळेवर लागली. साडेअकराच्या सुमारास काही कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती कुठेतरी आहे हे कळले होते, पण अशी बारीकसारीक गळती त्या कारखान्यात नवी नव्हती. सव्वाबाराला चहा होता, चहा झाल्यावर बघू असे ठरले. बारा-चाळीसच्या आसपास ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब काट्याच्या बाहेर गेला. पुढचे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

झोप आणि अपघात यांवर लिहिणारे अभ्यासक भोपाळचे नाव नेहमी एका यादीत घेतात. थ्री माइल आयलंडची अणुभट्टी पहाटे चारला बिघडली, चेर्नोबिलचा स्फोट रात्री १ वाजून २३ मिनिटांनी झाला आणि भोपाळच्या टाकीतून विषारी वायू मध्यरात्रीनंतर सुटला. माणसाचे शरीर ज्या वेळी निजायला बघते, त्याच वेळी यंत्रे घात करतात, असा या यादीचा रोख. तो सर्वस्वी खोटा नाही, पण भोपाळपुरता फार सोयीचा आहे. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी गंजल्यामुळे सुटी करून ठेवली होती. रात्रपाळीतले देखभाल पर्यवेक्षकाचे पद कंपनीने काही दिवसांपूर्वीच काढून टाकले होते. हे सगळे दिवसाढवळ्या, टक्क जाग्या माणसांनी ठरवले होते. त्याचे खापर कामगाराच्या पेंगुळलेल्या डोळ्यांवर फोडण्यात अर्थ नाही.

त्या तिसऱ्या पाळीची आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तिच्यात बाई असणे शक्यच नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याचे ६६ वे कलम बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कारखान्यात कामाला लावू देत नव्हते. तिथून थोड्याच अंतरावर, हमीदिया रुग्णालयात मात्र नाइट ड्यूटीवर नर्सेस होत्या. कोणता वायू, त्यावर उतारा काय, याची काहीही माहिती नसताना पहाटेपर्यंत त्यांच्यापुढे हजारो माणसे येऊन पडली. रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून ६६ व्या कलमाला त्यांची रात्र दिसतच नव्हती.

बाईच्या रात्रीच्या कामाचा आपल्याकडचा इतिहास असा दोन खात्यांत वाटला गेला आहे. एका खात्यात कायद्याने मना केलेली रात्र, दुसऱ्यात कोणी मोजलीच नाही अशी रात्र. आज स्तनाच्या कर्करोगाचा आणि पेशीतल्या घड्याळाचा संबंध शोधणाऱ्या विज्ञानाला दुसऱ्या खात्याची गरज पडते आहे, आणि ते खाते कोरे आहे.

भोपाळमध्ये हे दुसरे खाते फार जुने आहे. बेगमांच्या राज्यात पडदानशीन बायकांसाठी शाहजहाँ बेगमने लेडी लॅन्सडाउन रुग्णालय उभारले. तिची मुलगी सुलतान जहाँ बेगम १९०१ मध्ये गादीवर आली आणि तिने दायांना रीतसर शिक्षण देण्याचा सपाटा लावला. दाईचे काम मुळातच रात्रीचे. बाळंतपणाच्या कळा नैसर्गिकपणे रात्री-पहाटे जास्त येतात आणि निरोप आला की उठून जायचे, एवढाच तिच्या नोकरीचा नियम. किती रात्री जागली याची नोंद ना तिने ठेवली, ना संस्थानाने. पुढे दाईच्या जागी नर्स आली, तिला गणवेश मिळाला, हजेरीपट मिळाला, पाळ्या मिळाल्या. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत आजही सकाळी आठ ते दोन, दोन ते रात्री आठ आणि आठ ते दुसऱ्या दिवशी आठ अशा पाळ्या चालतात. दिवसाच्या दोन पाळ्या सहा-सहा तासांच्या, आणि रात्रीची अख्खी बारा तासांची.

पहिले खाते मुंबईत उघडले. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, या मागण्या शाळेच्या पुस्तकांत सापडतात. त्यांतली एक मागणी मात्र आजच्या शरीरशास्त्रज्ञाने लिहावी अशी आहे: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. लोखंड्यांना पेशीतल्या घड्याळाचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. गिरणीत तेव्हा काम उजेडावर चाले आणि उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबे, एवढाच त्यांचा अनुभव.

त्याच सुमारास खानदेशातल्या जिनिंगमध्ये सूर्यास्ताला कोणी विचारत नव्हते. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे तिथल्या हंगामाची जी हकिकत आली, ती वाचवत नाही. कापूस साठला की त्याच त्या बायका दिवस आणि रात्र जिनांवर बसत. थकून पडेपर्यंत काम, मग थोडी डुलकी, मग पुन्हा काम. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत कामगारांची दहा हजारांची सभा झाली, तिच्यात दोन कामकरी बायका बोलल्या. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने बायकांचे तास अकरावर आणले आणि रात्री आठ ते पहाटे पाच त्यांना कामावर ठेवायला बंदी केली, अर्थात अपवादांची पळवाट ठेवूनच. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि पुरुषांचे कामाचे तास चौदा-पंधरांवर गेले. १९११ च्या कायद्याने बायकांची रात्रबंदी आणखी घट्ट केली. सवलत कुणाला? जिनिंगला. जिथे बायका सर्वांत जास्त जागत होत्या, नेमके तिथेच दार उघडे ठेवले.

बाहेरच्या जगातही हेच चालले होते. १९०६ च्या बर्न करारात युरोपातल्या देशांनी उद्योगातले बायकांचे रात्रकाम बंद करायचे ठरवले. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तसा ठराव केला, भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला. या साऱ्या दस्तऐवजांत बाईच्या अब्रूची काळजी आहे, घरातल्या चुलीची आणि तान्ह्या पोराची काळजी आहे. अंधारात जागण्याने तिच्या शरीराच्या आत काय होते, हा प्रश्न नाही. तेव्हा तो कोणाला सुचलाही नसता.

बंदीचा परिणाम काय झाला? गिरण्यांनी १९३० नंतर दुहेरी पाळ्या वाढवल्या. रात्री न चालणारी बाई मालकाला परवडेना. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. पुढच्या तीन-चार दशकांत त्या रोडावत गेल्या. पण बाई गिरणीतून गेली म्हणून रात्रीतून सुटली नाही. गिरणगावात ती खानावळवाली झाली. दहा-वीस गडी जेवायला, कोणी पहिल्या पाळीचा, कोणी तिसऱ्या. भोंग्याप्रमाणे स्टोव्ह पेटायचा. रात्रपाळीवाल्याचे ताट वाढून ती आडवी होते न होते तोच सकाळच्या पाळीच्या भाकऱ्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे या बायकांना सावकाराऐवजी बँक दिसली. त्यांच्या झोपेचा हिशेब मात्र अजूनही कुठल्या कायद्यात नाही.

आता शरीराच्या आतला इतिहास. तो एका माशीपासून सुरू होतो.

कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर आणि रोनाल्ड कोनोप्का यांनी १९७१ मध्ये फळमाशीचे तीन विचित्र वाण दाखवले. एकीचा ‘दिवस’ १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला दिवस-रात्रीचे भानच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. त्याला ‘पीरियड’ असे नाव पडले. हे जनुक हातात यायला तेरा वर्षे गेली. जेफ्री हॉल आणि मायकेल रोसबाश यांचा गट एकीकडे, मायकेल यंग यांचा दुसरीकडे, आणि दोघांनीही ते वेगळे काढले १९८४ मध्ये. भोपाळ प्रेते मोजत होते त्याच डिसेंबरात यंग यांच्या गटाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. योगायोगच, त्याला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. २०१७ चे नोबेल या तिघांना मिळाले.

हे घड्याळ चालते कसे, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पेशीच्या केंद्रकात ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल-१’ ही दोन प्रथिने जोडीने बसतात आणि ‘पर’ व ‘क्राय’ या जनुकांची कळ दाबतात. त्यांपासून प्रथिने तयार होऊ लागतात, तासातासाने साठत जातात, आणि पुरेशी साठली की केंद्रकात परत येऊन त्याच जोडीला गप्प करतात. उत्पादन थांबते. मग ही ‘पर’ आणि ‘क्राय’ प्रथिने हळूहळू विरघळतात, दाब सुटतो, कळ पुन्हा दाबली जाते. या फेऱ्याला साधारण २४ तास लागतात. गंगाळात तरंगणारे घटिकापात्र भरून बुडावे आणि ब्राह्मणाने ते उपसून पुन्हा पाण्यावर ठेवावे, तसेच हे. फरक इतकाच की इथे पात्र स्वतःच स्वतःला उपसते. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका या साऱ्या घड्याळांना उजेडाशी जुळवून घेतो. रात्री डोळ्यावर लख्ख दिवा पडला की तो पुंजका फसतो आणि मेलाटोनिन हे अंधाराचे संप्रेरक आटते.

स्तनाशी याचा संबंध काय? रिचर्ड स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधकाने १९८७ मध्ये एक तर्क मांडला. वीज पोहोचलेल्या, श्रीमंत झालेल्या देशांत स्तनाचा कर्करोग का वाढतो, याचे एक कारण रात्रीचा उजेड असेल का? सुरुवातीला लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. मग धागे मिळत गेले. २००२ मध्ये दिसले की ‘पर-२’ बिघडलेल्या उंदरांना किरणोत्सर्गानंतर गाठी जास्त होतात. २००५ मध्ये तैवानमधल्या ५५ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा ९५ टक्क्यांहून जास्त गाठींत ‘पर’ जनुकांचे काम शेजारच्या निरोगी ऊतीच्या तुलनेत बिघडलेले होते. २००७ मध्ये कळले की ‘पर-२’ चे प्रथिन इस्ट्रोजेनच्या ग्राहकाला धरून त्याचा निकाल लावते. स्तनाच्या बऱ्याचशा गाठी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. तेव्हा हा पहारेकरी गैरहजर असणे साधी गोष्ट नव्हे. आणखी एक प्रयोग डेव्हिड ब्लास्क या संशोधकाचा. निरोगी बायकांचे रक्त दिवसा, रात्री अंधारात आणि रात्री दिव्यात बसवून असे तीनदा घेतले आणि उंदरांत वाढवलेल्या मानवी स्तनगाठींतून ते वाहू दिले. अंधारातल्या रक्ताने गाठीची वाढ मंदावली, दिव्यातल्या रक्ताने मंदावली नाही.

प्रयोगशाळेतले हे सारे आकर्षक आहे. माणसांच्या गर्दीत मात्र चित्र धूसर होते. अमेरिकेत ७८ हजारांहून जास्त नर्सेसच्या पाहणीत २००१ मध्ये दिसले की तीस किंवा अधिक वर्षे पाळीपाळीने रात्रकाम करणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये घड्याळ विस्कटणाऱ्या पाळ्यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. डेन्मार्कने तर त्यानंतर सुमारे चाळीस बायकांना कामामुळे झालेला आजार म्हणून भरपाई दिली. मग २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या लाखो बायकांच्या पाहणीत असा धोका अजिबात दिसला नाही. टीकाकार म्हणाले, यातल्या बऱ्याच जणींचे रात्रकाम कधीच संपले होते, त्या वयाने मोठ्या होत्या. २०१९ मध्ये त्याच संस्थेने सगळा पुरावा पुन्हा चाळला आणि वर्ग तोच ठेवला. त्या वर्गात तांबडे मांसही आहे आणि फार कढत पेयेही. वर्ग सांगतो तो पुराव्याचा जोर, धोक्याचा आकार नव्हे. वर्तमानपत्री मथळे लिहिणाऱ्यांनी एवढे जरी लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

भोपाळ या प्रश्नात पुन्हा येते ते मोजणीच्या वाटेने. वायुकांडानंतर पुरुषांच्या फुप्फुसांची आणि डोळ्यांची चर्चा झाली, बायकांच्या शरीराची फारशी झाली नाही. तेव्हा वर्ध्यात असलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सद्गोपाल यांनी १९८५ च्या सुरुवातीला गॅसपीडित वस्त्यांतल्या बायकांना तपासले. श्वेतप्रदर, ओटीपोटाची सूज, पाळीचे बिघाड, असे आजार त्यांना मोठ्या प्रमाणावर दिसले. ते मानायला सरकारी यंत्रणेने फार वेळ लावला. कर्करोगाची मोजणी मात्र लवकर सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) भोपाळच्या गांधी मेडिकल कॉलेजात लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी उघडली, ती वायूचा दूरचा परिणाम पाहण्यासाठीच. शहराच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ गॅसबाधित ठरले होते, म्हणजे तुलनेला उरलेले वीस हाताशी होते. राजेश दीक्षित आणि कान्हेरे या संशोधकांनी या नोंदणीच्या आधारे तोंड, घसा आणि फुप्फुसाच्या कर्करोगांत तंबाखूचा वाटा किती आणि वायूचा किती हे तपासले.

नोंदणी म्हणजे काय, तर पायपीट. माणसे दवाखान्यादवाखान्यांत, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत, महापालिकेच्या मृत्यूनोंदीत जातात. नाव, वय, पत्ता, गाठ कुठली, कधी कळली हे उतरवून घेतात. एकच बाई तीन ठिकाणी तीन नावांनी सापडते, तिला एक करतात. मुंबईत हे काम डॉ. जस्सावाला यांनी १९६३ पासून चालवले. पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग जास्त आहे हे त्याच नोंदींतून पुढे आले. भोपाळची नोंदणी सुरू झाली त्याच सुमारास, १९८७ मध्ये, सोलापूर जिल्ह्यात बार्शीला ग्रामीण नोंदणी उघडली. या आकड्यांत स्तनाचा कर्करोग मुंबईत ठळकपणे जास्त, बार्शीच्या खेड्यांत ठळकपणे कमी. स्टीव्हन्सच्या तर्काला हा दाखला हवाहवासा वाटेल. इकडे निऑनच्या पाट्या, तिकडे पहाटेच्या दळणाला एखादी चिमणी. पण बार्शीच्या बाईचे लग्न लवकर झाले, मुले लवकर आणि जास्त झाली, अंगावर पाजणे लांबले, चरबी कमी होती. स्तनाच्या कर्करोगात ही कारणे पक्की सिद्ध आहेत. दिव्याचा वाटा त्यातून वेगळा काढायचा तर कोण किती रात्री जागले हे माहीत हवे. रोगाची नोंदणी ते सांगू शकत नाही, ते तिचे कामच नव्हे.

इकडे कायद्याने दिशा बदलली. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये बायकांची रात्रबंदी समानतेच्या विरुद्ध म्हणून रद्द केली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाना कायदा बदलून त्यांना रात्रपाळी खुली केली. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि आता देशभर बाई स्वतःच्या संमतीने संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी काम करू शकते. सुरक्षिततेच्या अटी त्यात आहेत. हा बदल योग्यच झाला. बंदीने बाईचे संरक्षण किती झाले आणि रोजगार किती गेला, हे गिरणगावाने पाहिले आहे. पण १८९१ प्रमाणे आजही कायद्याची नजर वाटेतल्या अंधारावरच आहे. सलग किती रात्री लावाव्यात, पाळी कोणत्या क्रमाने फिरवावी, किती वर्षांनंतर दिवसपाळी मागता यावी, याबद्दल तो जवळजवळ गप्प आहे.

रात्रपाळी करणाऱ्या बाईने घाबरून नोकरी सोडावी असे कोणताही पुरावा सांगत नाही. करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षे चालवलेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. ही तपासणी आता सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपासून मोफत आहे. नर्सबाईंनी, दुसऱ्यांची करतात तशी, स्वतःचीही करून घ्यावी. आणि तपासणीच्या दिवशी केसपेपरवर वय, मुले, पाळी या रकान्यांखाली एक ओळ हट्टाने लिहायला लावावी: रात्रपाळी किती वर्षे, महिन्याला किती रात्री.